दृष्टिरेषा, मशाल आणि धुके: नव्या डंजन मास्टरसाठी मार्गदर्शन

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फाशांचा भूमिका-खेळ खेळवायला बसलेल्या प्रत्येक नव्या डंजन मास्टरसमोर, म्हणजे गोष्ट सांगून निकाल देणाऱ्या सूत्रधारासमोर, पहिल्या दोन-तीन सत्रांतच एक प्रश्न उभा राहतो, आणि तो म्हणजे "मला तो दिसतो का?" हा प्रश्न ऐकायला साधा आहे, परंतु त्याच्या उत्तरावर बाण मारता येईल की नाही, मंत्र टाकता येईल की नाही, शत्रू बेसावध सापडेल की नाही, हे सारे अवलंबून असते. मी खेळवायला लागलो तेव्हा दुसऱ्याच सत्रात यावरून खेळ पाऊण तास थांबला. एका खेळाडूचे पात्र काळोखात बुरुजावर उभे होते आणि शंभर फुटांवर तीन गॉब्लिन (खुजे राक्षस) शेकोटीभोवती बसले होते. माझ्याकडे २०१४ च्या नियमपुस्तकाची सुरुवातीची छपाई होती. तिच्यात असे वाक्य होते की गडद काळोखासारख्या पूर्ण झाकलेल्या जागेत असलेला जीव जवळपास आंधळा ठरतो. मी ते वाक्य मोठ्याने वाचले आणि बुरुजावरच्या पात्राला शेकोटी दिसत नाही, असा निकाल दिला. तो खेळाडू शांतपणे म्हणाला, "दादा, वीज गेल्यावर गच्चीवर काळोखात उभं राहिलं, तर समोरच्या घरातला दिवा दिसतो ना?"

त्याचेच बरोबर होते. प्रकाशकांनीही पुढे शुद्धिपत्रात ते वाक्य बदलले. तुम्ही झाकलेल्या जागेतली वस्तू पाहायचा प्रयत्न करत असाल तेव्हाच आंधळे ठरता, तुम्ही स्वतः कुठे उभे आहात याने फरक पडत नाही, अशी दुरुस्ती झाली आणि २०२४ च्या आवृत्तीतही तीच कायम आहे. छपाईतल्या त्या एका वाक्यामागे जी गल्लत होती ती नव्या डंजन मास्टरच्या हातून पुन्हापुन्हा होते, म्हणून मी वापरतो ती पद्धत येथे पायरीपायरीने मांडत आहे. सर्व आकडे २०१४ च्या नियमांतले आहेत, त्यामुळे तुमचा गट दुसरी आवृत्ती खेळत असेल तर आकडे पडताळून घ्यावेत.

सोबत काय ठेवावे

- चौकटींचा नकाशा किंवा आलेखाची वही. एक चौकट म्हणजे पाच फूट.
- हातभर लांबीचा जाड दोरा. पट्टीपेक्षा दोरा बरा, कारण तो उभ्या केलेल्या बाहुल्यांमधून ताणता येतो.
- एक मेणबत्ती, एक छोटा आरसा, काचेचा पेला आणि एखादे खोके. हे खेळासाठी नसून घरी एकट्याने प्रयोग करण्यासाठी आहे.
- प्रत्येक पात्राचा एक कागद. त्यावर डार्कव्हिजन (काळोखात पाहण्याची शक्ती) आहे का, किती फुटांपर्यंत आहे आणि हातात दिवा कोणता आहे, एवढ्या तीनच गोष्टी लिहाव्यात.
- तुमचे स्वतःचे निकाल लिहून ठेवण्यासाठी एक कोरे पान.

१. नियमातली रेषा आधी समजून घ्या

चौकटींच्या नकाशावर दृष्टिरेषा ठरवण्याची रीत अशी आहे. पाहणाऱ्याच्या चौकटीचा कोणताही एक कोपरा निवडावा आणि तिथून लक्ष्याच्या चौकटीच्या कोणत्याही भागापर्यंत रेषा ओढावी. भिंत, जाड पडदा, दाट धुके अशा दृष्टी अडवणाऱ्या कशालाही न शिवता जाणारी एक जरी रेषा सापडली, तरी दृष्टिरेषा आहे असे मानावे. आडोशाचा हिशेब याहून वेगळा आहे. त्यासाठी हल्लेखोराच्या एका कोपऱ्यापासून लक्ष्याच्या चारही कोपऱ्यांपर्यंत रेषा ओढाव्या लागतात. एक किंवा दोन अडल्या तर अर्धा आडोसा मिळतो आणि आर्मर क्लास, म्हणजे हल्ला लागण्यासाठी फाशाने गाठायचा आकडा, दोनने वाढतो. तीन किंवा चार अडल्या, पण हल्ला पोहोचू शकत असला, तर पाऊण आडोसा मिळतो आणि आर्मर क्लास पाचने वाढतो.

या दोन हिशेबांत गफलत करू नका. "दिसतो का" हा एक प्रश्न आहे आणि "किती झाकलेला आहे" हा दुसरा. त्यांच्यामागोमाग "तिथवर मंत्र पोहोचतो का" हा तिसराही येतो, आणि तो सहाव्या पायरीत घेतला आहे.

२. दोन बिंदूंऐवजी तीन बिंदू मोजा

सगळा गुंता येथे आहे, म्हणून या पायरीवर थोडे थांबा. नियमातली रेषा डोळा आणि लक्ष्य या दोन बिंदूंमध्ये ओढली जाते. खऱ्या प्रकाशाच्या प्रवासाला तीन बिंदू लागतात, म्हणजे दिवा, वस्तू आणि डोळा. दिव्यातून निघालेला प्रकाश वस्तूवर पडतो, तिथून विखुरतो आणि त्यातला थोडा डोळ्यापर्यंत येतो, तेव्हा ती वस्तू दिसते. दोन बिंदूंमधली रेषा कोणत्याही बाजूने ओढली तरी तीच राहते, त्यामुळे "मी त्याला पाहू शकतो, म्हणजे तोही मला पाहू शकतो" असे नवख्यांना वाटते. मार्गापुरते ते खरेही आहे, कारण प्रकाश ज्या वाटेने जातो त्याच वाटेने उलटाही येऊ शकतो. परंतु दिवा कोणाच्या अंगावर पडला आहे, हे दोन्ही बाजूंना सारखे नसते.

शिवकालीन किल्ल्यांच्या तटात बंदुकीसाठी ठेवलेल्या जंग्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे लगेच पटेल. भर दुपारी बाहेरच्या उतारावर उभे राहून जंगीकडे पाहिले तर फक्त एक काळी फट दिसते. आत जाऊन त्याच फटीतून बाहेर पाहिले तर उतारावरचा माणूस, त्याच्या टोपीचा रंग, हातातली बाटली असे सारे स्पष्ट दिसते. रेषा तीच आहे, परंतु एकाच्या अंगावर ऊन आहे आणि दुसऱ्याच्या अंगावर नाही. शिवाय आतला माणूस फटीला डोळा लावून डावी-उजवीकडे सरकू शकतो, त्यामुळे बाहेरचा मोठा पट्टा त्याच्या नजरेत येतो. बाहेरच्याला मात्र फटीएवढाच तुकडा मिळतो. नियमांत अशा फटीमागे उभ्या असलेल्याला पाऊण आडोसा दिला आहे, आणि तो एकाच बाजूने लागू होतो हे यावरून नीट कळते.

म्हणून प्रत्येक वेळी क्रमाने तीन प्रश्न विचारावेत. लक्ष्यावर प्रकाश पडतो आहे का? लक्ष्यापासून डोळ्यापर्यंतची वाट मोकळी आहे का? आणि लक्ष्यावर प्रकाश नसेल, तर त्याच्या मागे प्रकाश आहे का? हा तिसरा प्रश्न नियमपुस्तकात स्वतंत्रपणे नाही, परंतु तो सोडू नका. काळोखातला पहारेकरी पेटलेल्या खिडकीसमोरून चालत गेला, तर त्याचा चेहरा दिसणार नाही, पण काळी आकृती नक्की दिसेल. मी अशा वेळी लक्ष्य अंधुक प्रकाशात आहे असे मानतो. म्हणजे त्याच्यावर साधा हल्ला करता येतो, मात्र तो कोण आहे किंवा त्याच्या हातात काय आहे, हे ओळखण्याच्या परसेप्शनच्या, म्हणजे निरीक्षणाच्या, फाशाला दोन फासे टाकून लहान आकडा धरायचे डिसअ‍ॅडव्हांटेज लागते.

३. मशालीचा हिशेब एकदा स्वतः करून पाहा

नियमांत मेणबत्ती पाच फुटांपर्यंत लख्ख प्रकाश देते आणि पुढचे पाच फूट अंधुक. मशाल वीस फूट लख्ख आणि पुढचे वीस फूट अंधुक देते आणि तासभर जळते. झडपेचा कंदील तीस आणि तीस, तर एकाच दिशेला झोत टाकणारा बुल्सआय कंदील साठ आणि साठ. हे आकडे मनाला येतील तसे टाकले असावेत असे मला बरीच वर्षे वाटत होते. मग एकदा कागद घेऊन बसलो.

दिव्यापासून अंतर दुप्पट झाले की पडणारा प्रकाश चौथाई होतो, तिप्पट झाले की नववा हिस्सा उरतो. आता मेणबत्तीशी तुलना करा. मशालीचा लख्ख प्रकाश मेणबत्तीच्या चौपट अंतरापर्यंत पोहोचतो, म्हणजे मशाल चारचा वर्ग, सोळा मेणबत्त्यांइतकी आहे. अंधुक प्रकाशाची बाहेरची मर्यादाही चौपट आहे, तिथेही उत्तर सोळाच येते. झडपेचा कंदील दोन्ही मर्यादांनी छत्तीस मेणबत्त्यांचा निघतो आणि बुल्सआयचा झोत एकशे चव्वेचाळीसांचा. हा मेळ पाहून मला फार आनंद झाला होता. साधा तेलाचा दिवा मात्र या हिशेबात बसत नाही. त्याचा लख्ख प्रकाश पंधरा फूट आहे, त्यावरून तो नऊ मेणबत्त्यांचा ठरतो, आणि अंधुक प्रकाश पंचेचाळीस फुटांना संपतो, त्यावरून वीस.

एक मेणबत्ती एक मीटरवर सुमारे १ लक्स (पडणारा प्रकाश मोजण्याचे एकक) प्रकाश देते. दहा फुटांवर, म्हणजे तीन मीटरांच्या थोडे पुढे, तो सुमारे ०.१ लक्स उरतो. पौर्णिमेच्या स्वच्छ रात्री जमिनीवर साधारण ०.१ ते ०.३ लक्स पडतात. म्हणजे नियमांतल्या अंधुक प्रकाशाचा शेवट हा जवळपास चांदण्याएवढा आहे, आणि विशेष तेजस्वी पौर्णिमेला अंधुक प्रकाश मानावे, असे नियमपुस्तकही सांगते. तेव्हा खेळाडूंना अंधुक प्रकाशाचे वर्णन करताना "पौर्णिमेच्या रात्री अंगणात दिसते तेवढे" असे सांगावे. माणूस ओळखू येतो, पण पत्र वाचता येत नाही.

येथे तीन सापळे आहेत.

पहिला सापळा चौकटींच्या तिरक्या मोजणीचा. या आवृत्तीच्या साध्या नियमात तिरकी चौकटही पाच फुटांचीच धरतात, प्रत्यक्षात तिचा कर्ण सात फुटांहून थोडा जास्त असतो. त्यामुळे मशालीच्या प्रकाशाचे वर्तुळ नकाशावर चौरस होते. त्या चौरसाच्या कोपऱ्यात उभा असलेला शत्रू नियमाने वीस फुटांवर, पण खरे तर अठ्ठावीस फुटांवर असतो, आणि त्याच्या अंगावर सरळ रेषेतल्या वीस फुटांवरच्या शत्रूच्या निम्माच प्रकाश पडतो. लढाईत मी याकडे दुर्लक्ष करतो. लपण्याचा प्रश्न आला की मात्र दोऱ्याने खरे अंतर मोजतो.

दुसरा सापळा चाळिसाव्या फुटाचा. प्रकाश कुंपणासारखा एका जागी संपत नाही. नियमाप्रमाणे एकेचाळिसाव्या फुटावर काळोख असतो, प्रत्यक्षात ऐंशी फुटांवरही पाव चांदणे असते आणि डोळा अंधाराला सरावला असेल तर हालचाल कळते. डोळा पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि मशाल हातात धरून चालणाऱ्याचे डोळे कधीच सरावत नाहीत, कारण ज्वाला समोरच असते. म्हणून मशालवाल्याला चाळीस फुटांपलीकडे काहीच दिसत नाही, हा नियम मला मान्य आहे. मशाल मागच्याच्या हातात आणि पुढचा पहारेकरी तिच्याकडे पाठ करून चालत असेल, तर पुढच्याला मी थोडी सूट देतो.

तिसरा सापळा सर्वांत महाग पडतो. मशालीने किती दूर दिसते हे सगळे मोजतात, पण मशाल किती दूरवरून दिसते हे कोणी मोजत नाही. अमेरिकेतल्या दोन खगोल अभ्यासकांनी २०१५ मध्ये केलेल्या हिशेबानुसार एका मेणबत्तीची ज्योत काळोख्या रात्री उघड्या डोळ्यांना सुमारे २.६ किलोमीटरवरूनही दिसू शकते. तुमच्या गटाने मोकळ्या माळावर मशाल पेटवली की वाटेतल्या टेकड्यांनी अडवले नाही तर सगळ्या परिसराला ती कळते. हे खेळाडूंना पहिल्याच सत्रात सांगा, नंतर सांगितले तर ती फसवणूक वाटते.

४. डार्कव्हिजनला मर्यादेत ठेवा

डार्कव्हिजन असलेले पात्र ठरावीक अंतरापर्यंत, बहुधा साठ फूट, काळोखात अंधुक प्रकाशासारखे आणि अंधुक प्रकाशात लख्ख प्रकाशासारखे पाहते. काळोखात त्याला रंग कळत नाहीत, करड्या छटाच दिसतात. भौतिकशास्त्राने पाहिले तर जिथे प्रकाशाचा एकही कण नाही तिथे कोणताही डोळा काहीही पाहू शकत नाही, म्हणून याला जादूच मानावे लागते. खेळाच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये याऐवजी उष्णता पाहणारी इन्फ्राव्हिजन होती, आणि २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत तिच्या जागी डार्कव्हिजन आली. आपल्या सह्याद्रीतला चापडा हा साप डोळा आणि नाकपुडी यांमधल्या खाचेने भक्ष्याची उष्णता ओळखतो, त्यामुळे कल्पना अगदीच निराधार नव्हती. परंतु उष्णतेने पाहणाऱ्याला साध्या काचेतून पलीकडचे काहीच दिसत नाही, कारण शरीरातून निघणारे उष्ण किरण काच अडवते, आणि तापलेल्या भट्टीशेजारी उभा असलेला शत्रू त्या झगमगाटात हरवतो. प्रत्येक खोलीत प्रत्येक वस्तूचे तापमान ठरवत बसण्यापेक्षा डार्कव्हिजनचा सरळ नियम खेळवायला पुष्कळ सोपा आहे. एखादा अनुभवी खेळाडू अजूनही "माझा बटू (ड्वार्फ) उष्णता पाहतो" असे म्हणेल, त्याला ही आवृत्ती वेगळी आहे हे नम्रपणे सांगावे.

नवखे एक गोष्ट हमखास विसरतात. काळोखात डार्कव्हिजनला अंधुक प्रकाशाएवढेच दिसते, म्हणून पाहण्यावर अवलंबून असलेल्या परसेप्शनला डिसअ‍ॅडव्हांटेज लागते आणि पॅसिव्ह परसेप्शन (फासा न टाकता धरलेले निरीक्षण) पाचने कमी होते. सगळ्यांना डार्कव्हिजन आहे म्हणून दिवाच न पेटवणाऱ्या गटाला जमिनीतले सापळे कमी दिसतात. रंगही कळत नसल्यामुळे लाल आणि हिरव्या द्रवाच्या बाटल्या त्यांना सारख्याच दिसतात. ही अट शत्रूंनाही लावा.

५. धुके आणि जादूचा काळोख यांचे निकाल आधीच ठरवा

हवामानशास्त्रात दृश्यमानता एक किलोमीटरखाली गेली की धुके म्हणतात, आणि पन्नास मीटरखाली गेली की अतिदाट धुके. पन्नास मीटर म्हणजे एकशे साठ फुटांहून जास्त. म्हणजे ज्याला आपण घाटात गाडी थांबवण्याइतके धुके म्हणतो, त्यातही तुमच्या तळघरातल्या दालनाचे दुसरे टोक दिसले असते. फॉग क्लाउड या पहिल्या पातळीच्या मंत्राचे वीस फूट त्रिज्येचे धुके याहून कितीतरी घट्ट आहे, कारण त्यात शेजारच्या चौकटीतला माणूसही दिसत नाही. दोन्हींना एकच नियम लावू नका. मंत्राचे धुके म्हणजे नियमाप्रमाणे पूर्ण झाकलेली जागा. नैसर्गिक धुक्यासाठी मी आधीच एक अंतर जाहीर करतो, उदाहरणार्थ साठ फुटांपर्यंत अंशतः झाकलेले आणि त्यापुढे पूर्ण झाकलेले. धुके प्रत्येक फुटाला थोडा थोडा प्रकाश खाते, त्यामुळे ते एखाद्या ठरावीक जागेचा गुण नसते आणि त्याचा परिणाम पाहणाऱ्यापासूनच्या अंतरावर ठरतो.

धुक्यात मशाल पेटवली तर काय होते, हे पावसाळ्यात आंबोली किंवा महाबळेश्वरचा घाट रात्री चढलेल्या कोणालाही विचारा. मोठा दिवा लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, कारण थेंबांवरून प्रकाश उलटा आपल्याच डोळ्यात येतो. म्हणून चालक दिवे खाली करतात. त्याच न्यायाने दाट धुक्यात मशाल धरणाऱ्याला मी काहीच फायदा देत नाही. बाहेरच्यांना त्या जागी एक तांबूस ठिपका दिसतो. तिथे कोणीतरी आहे हे कळते, कोण आणि किती जण हे कळत नाही.

येथे नियमांची एक विचित्र गाठ आहे. न दिसणाऱ्या लक्ष्यावर हल्ला केला तर डिसअ‍ॅडव्हांटेज, आणि लक्ष्याला तुम्ही दिसत नसाल तर दोन फाशांतला मोठा आकडा धरण्याचा अ‍ॅडव्हांटेज. धुक्यात दोघेही आंधळे असतात, त्यामुळे दोन्ही एकमेकांना रद्द करतात आणि शंभर फुटांवरून दोन तिरंदाज एकमेकांवर भर उन्हातल्यासारखे बाण मारतात. नियमाप्रमाणे लपलेला नसलेल्याची जागा सर्वांना माहीत असते, कारण त्याचा आवाज येतो. मी यावर घरचा नियम केला आहे. दोघांनाही दिसत नसेल आणि अंतर तीस फुटांहून जास्त असेल, तर आधी चौकट अंदाजाने सांगायची आणि चुकली तर बाण वाया. हा माझा नियम आहे, पुस्तकातला नाही, आणि तो मी मोहीम सुरू होण्यापूर्वी सांगतो.

डार्कनेस हा दुसऱ्या पातळीचा मंत्र पंधरा फूट त्रिज्येचा काळोख पसरवतो. डार्कव्हिजन त्यातून पाहू शकत नाही आणि जादूविरहित दिवा त्याला उजळू शकत नाही. त्याच्या पलीकडे ठेवलेली मशाल अलीकडून दिसते का? दोन अर्थ लावता येतात. पहिल्यात तो शाईचा गोळा आहे, त्यातून काहीच आरपार जात नाही. दुसऱ्यात तो फक्त आतल्या वस्तू उजळू देत नाही, पलीकडचा उजेड मात्र येतो, आणि मग आत उभा असलेला प्रत्येकजण त्या उजेडासमोर काळ्या आकृतीसारखा उठून दिसतो. म्हणजे मंत्र टाकणाऱ्याचे संरक्षणच संपते. या कारणाने मी शाईचा गोळाच मानतो. तुम्ही काहीही माना, पण लढाईच्या मध्यावर ठरवू नका.

६. काच, आरसा आणि पाणी

मंत्राच्या लक्ष्यापर्यंत मोकळी वाट असावी लागते. लक्ष्य पूर्ण आडोशामागे असता कामा नये. काचेच्या खिडकीतून शत्रू दिसतो, पण काच ही वस्तू वाट अडवते, म्हणून बहुतेक मंत्र तिथेच थांबतात. मिस्टी स्टेपसारखा क्षणात जागा बदलणारा मंत्र वेगळा आहे, कारण तो स्वतःवर टाकायचा असतो आणि त्याला फक्त दिसणारी रिकामी जागा लागते. काचेपलीकडे उडी घेता येते. रात्रीच्या वेळी एक गोष्ट लक्षात ठेवा. काच तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशातला सुमारे आठ टक्के परत फेकते. खोलीत दिवा आणि बाहेर काळोख असेल तर हा आठ टक्के उजेडच बाहेरून येणाऱ्या उजेडाला झाकून टाकतो, आणि खोलीतल्याला काचेत स्वतःचे तोंड दिसते. बाहेरच्याला खोली नाटकाच्या रंगमंचासारखी दिसते. खिडकीशी दिवा ठेवून पहारा देणारा पहारेकरी मी नेहमी डिसअ‍ॅडव्हांटेजने खेळवतो.

कोपऱ्यापलीकडे पाहण्यासाठी खेळाडू पोलादी आरसा काढतात, तो साहित्याच्या यादीत पाच सुवर्णमुद्रांना मिळतो. हे चालू द्या, पण त्याची मर्यादा सांगा. दहा सेंटिमीटरचा आरसा डोळ्यापासून अर्ध्या मीटरवर धरला, तर दहा मीटरवरची जेमतेम दोन मीटर रुंदीची पट्टी त्यात दिसते. म्हणजे एखादा माणूस दिसेल, पूर्ण दालन नाही. आरसा सरकवत दालन पाहायचे असेल तर मी पूर्ण कृती खर्च करायला लावतो. आरशात दिसलेल्यावर मंत्र टाकता येतो का, याचे उत्तर मोकळ्या वाटेच्या अटीतच आहे. प्रकाश कोपऱ्यावर वळून आला म्हणून अग्निबाण वळत नाही. नजरेने दगड बनवणाऱ्या मेड्युसा राक्षसीच्या बाबतीत २०१४ च्या नियमांनी खऱ्या प्रकाशाचा सुरेख मान ठेवला आहे. तिला चकचकीत पृष्ठभागावर स्वतःचे प्रतिबिंब दिसले तर तिचीच नजर तिला बाधते, मात्र तो पृष्ठभाग तीस फुटांच्या आत आणि लख्ख प्रकाशात असावा लागतो. काळोखात ढाल पुढे करून उभ्या राहिलेल्या खेळाडूला याची आठवण द्या.

पाण्याबद्दल थोडक्यात. काठावरून सरळ खाली पाहताना पाण्यातली वस्तू खऱ्या खोलीच्या पाऊणपटच खोल वाटते, म्हणून भाल्याने मासा मारणारा दिसतो त्याच्या खाली नेम धरतो. पाण्याखालून वर पाहणाऱ्याला सारे बाहेरचे जग डोक्यावरच्या एका वर्तुळात आकसलेले दिसते. दहा फूट खोलीवर त्या वर्तुळाचा व्यास सुमारे तेवीस फूट असतो, आणि त्याच्या बाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा तळच दाखवतो. मी पाणी स्थिर असेल तर नजरेला परवानगी देतो आणि पाणी हलले की पूर्ण झाकलेले मानतो.

७. न दिसणे आणि लपणे वेगळे ठेवा

अदृश्य पात्र आपोआप लपलेले नसते. प्रकाशाच्या लहरी मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढ्या बारीक असतात, त्यामुळे त्या खांबाला वळसा घालून येत नाहीत. बोलण्याच्या आवाजाच्या लहरी हात-दोन हात लांबीच्या असतात आणि सहज वळतात. खांबामागचा माणूस दिसत नाही, पण ऐकू येतो, आणि नियमातही जागा लपवण्यासाठी स्टेल्थचा (लपण्याच्या कौशल्याचा) वेगळा फासा लागतो तो यासाठीच. कोणी तुम्हाला सांगेल की अदृश्य माणसाच्या डोळ्याचा पडदाही पारदर्शक असल्याने तो आंधळाच असायला हवा. शास्त्राने ते खरे आहे. पण तो निकाल देऊ नका, मंत्रच निरुपयोगी होतो. प्रकाशाच्या वेगाचाही विचार सोडून द्या. प्रकाश एक फूट अंतर सेकंदाच्या अब्जाव्या भागात जातो आणि लढाईची एक फेरी सहा सेकंदांची असते.

संगणकावर रोल-ट्वेंटी किंवा फाउंड्री ही नकाशावर खेळण्याची सॉफ्टवेअर वापरत असाल, तर तिथली प्रकाशयोजना भिंतींच्या रेषा पाहून सावल्या चोख पाडते. पण उजळ चुनखडीच्या भिंतीवरून कोपऱ्यापलीकडे सांडणारा मशालीचा उजेड तिला कळत नाही. प्रत्यक्षात माणूस दिसण्याआधी भिंतीवर त्याचा उजेड दिसतो. तो तुम्ही तोंडाने सांगायचा.

८. पहिल्या सत्राआधी हा प्रसंग एकट्याने सोडवून पाहा

साठ फूट लांब दालन घ्या. पश्चिमेच्या दारात मशाल धरलेला माणूस, त्याच्या शेजारी साठ फूट डार्कव्हिजन असलेली बटू योद्धी. त्यांच्यापासून पंचावन्न फुटांवर, पूर्वेच्या भिंतीशी, धनुष्य घेतलेले दोन गॉब्लिन.

गॉब्लिनांना माणूस दिसतो का? दिसतो, तो स्वतःच्याच मशालीच्या लख्ख प्रकाशात आहे. माणसाला गॉब्लिन दिसतात का? नाही, ते मशालीच्या चाळीस फुटांपलीकडे आहेत. म्हणून त्यांच्या बाणांना माणसावर अ‍ॅडव्हांटेज आणि त्याने उलट मारलेल्या बाणाला डिसअ‍ॅडव्हांटेज. बटू योद्धीला ते करड्या रंगात दिसतात आणि ती साधा हल्ला करते.

आता माणूस मशाल तीस फूट पुढे फेकतो. गॉब्लिन तिच्यापासून पंचवीस फुटांवर आले, म्हणजे अंधुक प्रकाशात, आणि माणसाला ते दिसू लागले. तो स्वतः मशालीपासून तीस फुटांवर राहिला, म्हणजे तोही अंधुक प्रकाशात. गॉब्लिनांचा अ‍ॅडव्हांटेज गेला. त्यांच्यातला एक जण पुढे धावून मशालीच्या अलीकडे आला, तर माणसाला तो मशालीसमोर काळ्या आकृतीसारखा दिसेल, आणि त्याने मशाल पायाखाली विझवली तर पुन्हा पहिल्या ओळीपासून मोजायला लागा.